एटीएमला कोपरा दिला, घरपट्टी अख्ख्या दुकानाची वाढली

प्रश्न : नौपाड्यात तळमजल्यावर आमचा गाळा आहे, सासऱ्यांनी १९८८ साली घेतलेला. चटईक्षेत्र २२० चौरस फूट आणि वर ८० चौरस फुटांचा पोटमाळा. स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान मी आणि माझे यजमान मिळून चालवतो. ऑनलाइनमुळे गिऱ्हाईक निम्म्यावर आलं, म्हणून गेल्या वर्षी दर्शनी बाजूचा ५० चौरस फुटांचा कोपरा एका बँकेला एटीएमसाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिला. करार रीतसर नोंदवलेला आहे. आता महापालिकेची विशेष नोटीस आली आहे. करयोग्य मूल्य जवळजवळ चौपट दाखवलं आहे. क्षेत्र २७.८७ चौरस मीटर आणि वापर ‘वाणिज्य – बँक’ असं लिहिलं आहे. शेजारच्या पागडीच्या दुकानाचं बिल आमच्यापुढे काहीच नाही. मुलुंडला माझ्या भावाचं दुकान आहे, त्याचा हिशोब आणखी निराळा. तो म्हणतो रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेले जागेचे दर, काढ. यजमान म्हणतात, धंदा बसलाय, जीएसटीची रिटर्न दाखवली की कमी करतील. ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, बिल भरूच नका, भरलं की मान्य केल्यासारखं होतं. नक्की काय करू? शिवाय बँक मार्चनंतर एटीएम बंद करणार अशी कुणकुण आहे. माझी जाऊ कळव्याला घरातच पार्लर चालवते, ती आता घाबरली आहे. – एक वाचक भगिनी, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, आधी नोटीस हातात घ्या आणि हरकत घेण्याची मुदत बघा. ती तुम्हाला नोटीस मिळाल्या दिवसापासून मोजतात, म्हणून पाकीट टाकून दिलं नसेल तर जपून ठेवा. मुदत टळली तर पुढचं सगळं ज्ञान लोणच्याच्या बरणीत. बाकीचं वाचायला सवड नसेल तरी एक साधा अर्ज, ‘करयोग्य मूल्यास माझी हरकत आहे, सविस्तर मुद्दे सुनावणीत मांडेन’, एवढा तरी प्रभाग समितीच्या कर विभागात देऊन पोहोच घ्या.

आता यजमानांचं. जीएसटीची रिटर्न घरीच राहू द्या. घरपट्टीला तुमच्या धंद्याशी काही देणंघेणं नाही. दुकान तुफान चालो की दिवसभर माशा मारत बसा, कर तोच. व्यापारी माणसाचा हा गोंधळ मी समजू शकतो, कारण ठाण्यातल्या दुकानदाराने महापालिकेला दिलेले मोठे कर पूर्वी मालाशी बांधलेले होते. आधी जकात, मग १ एप्रिल २०१३ पासून एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर, तोही ऑगस्ट २०१५ मध्ये पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीला माफ झाला आणि जीएसटीबरोबर उरलासुरला गेला. मालमत्ता कर या सगळ्याच्या आधीपासून आहे आणि त्याचं तर्कशास्त्र वेगळं आहे. जकात गेल्यावर पालिकांच्या स्वतःच्या उत्पन्नात हाच कर वजनदार उरला, त्यामुळे गाळ्यांकडे पूर्वीपेक्षा बारीक नजरेने बघितलं जातं, हेही खरं.

तर्कशास्त्र असं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ (जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘बीपीएमसी’ असतं) याच्या अनुसूची ड मध्ये कराधान नियम आहेत. त्यातला नियम ७ तुमच्या कामाचा. ही जागा वर्षभरासाठी भाड्याने दिली तर वाजवीपणे किती भाडं येईल, तो आकडा धरायचा. त्यातून दहा टक्के वजा करायचे. दुरुस्ती, देखभाल, आणखी काहीही खर्च असो, सगळ्याच्या बदल्यात ही एकच सरसकट वजावट. जे उरतं ते करयोग्य मूल्य. त्यावर वेगवेगळ्या करांचे टक्के लागतात. हे टक्के महापालिकेची सभा दरवर्षी २० फेब्रुवारीच्या आत ठरवते, त्यावर तुम्ही-आम्ही प्रभाग कार्यालयात जाऊन भांडण्यात अर्थ नाही. भांडायचं ते करयोग्य मूल्यावर.

तुमची झेरॉक्स मशीन, एसी, फर्निचर यांची किंमत यात येत नाही. आयुक्तांनी सभेच्या मंजुरीने जाहीर केलेल्या वर्गातली यंत्रसामग्री सोडली तर यंत्रं मोजायचीच नाहीत, असं तोच नियम सांगतो. बँकेच्या एटीएम यंत्राचं मूल्यही तुमच्या गळ्यात येणार नाही. प्रश्न फक्त जागेच्या भाड्याचा.

पालिका प्रत्येक गाळ्याचं भाडं स्वतंत्र शोधत बसत नाही. परिसर, बांधकामाचा प्रकार, मजला आणि वापर यांवरून दरमहा दर चौरस मीटरला एक दर धरते. दर गुणिले क्षेत्र गुणिले बारा, वजा दहा टक्के. म्हणजे तुमच्या आकारणीत चूक शिरायला चारच दारं आहेत : क्षेत्र, वापर, दर आणि तारीख. तुमच्या नोटिशीत मला पहिल्या दोन दारांपाशी खुट्ट वाजलेलं ऐकू येतंय.

२७.८७ चौरस मीटर म्हणजे बरोबर ३०० चौरस फूट. तुमचे २२० आणि माळ्याचे ८०. या सगळ्यावर ‘बँक’ असा एकच वापर टाकलाय. बँकेला तुम्ही ५० फूट दिलेत. उरलेल्या १७० फुटांत आजही वह्या आणि पेनं विकली जातात, आणि माळ्यावर बहुधा कागदाची रिमं आहेत.

यात किती फरक पडतो ते आकड्यांत बघा. आकडे निव्वळ हिशोब दाखवण्यासाठी माझ्या मनचे आहेत, पालिकेचे दर नव्हेत. समजा साध्या दुकानाला महिन्याला चौरस मीटरमागे २०० रुपये, बँकेला ८०० रुपये आणि पोटमाळ्याला १०० रुपये धरले. सगळंच बँक म्हटलं तर २७.८७ गुणिले ८००, महिन्याचे २२,२९६ रुपये. वर्षाचे २,६७,५५२. दहा टक्के गेले की करयोग्य मूल्य २,४०,७९७ रुपये. आता तोडून मोजा. एटीएमचे ४.६५ चौरस मीटर ८०० ने, म्हणजे ३,७२०. दुकानाचे १५.७९ मीटर २०० ने, ३,१५८. माळ्याचे ७.४३ मीटर १०० ने, ७४३. महिन्याची बेरीज ७,६२१, वर्षाची ९१,४५२, आणि करयोग्य मूल्य ८२,३०७. तोच गाळा, तेच दर, आणि आकडा जवळपास एक तृतीयांश. नोटिशीतले खरे दर घालून हाच तक्ता एका कागदावर मांडा आणि हरकतीला जोडा. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला गाऱ्हाणं ऐकायला वेळ नसतो, तक्ता वाचायला असतो.

पण अख्खा गाळा ‘बँक’ झाला कसा, ते आधी शोधा. माझा संशय तुमच्याच करारावर आहे. नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्सच्या शेवटी मालमत्तेचं वर्णन असतं, ते काढून वाचा. बँकांचे करार छापील साच्यातले असतात आणि घाईत तिथे ‘दुकान क्रमांक अमुक, तळमजला’ एवढंच लिहिलं जातं. ५० फुटांचा उल्लेख आणि सोबतचा नकाशा राहून जातो. तसं असेल तर करनिरीक्षकाने कागदावरचं वाचून लिहिलं, त्याला काय बोलणार? बँकेला चूकदुरुस्तीचा दस्त करायला सांगा. त्यांच्या कायदा विभागाला ते रोजचं काम आहे. दस्त व्हायला वेळ लागत असेल तर तोवर बँकेचं पत्र तरी घ्या, की आमच्या ताब्यात फक्त एवढाच भाग आहे.

मग टेप घेऊन जागा मोजा आणि फोटो काढा. एटीएमच्या मागची भिंत किंवा पार्टिशन जमिनीपासून छतापर्यंत आहे आणि तिथून तुमच्या दुकानात दार नाही, हे फोटोत दिसलं पाहिजे. दोन शटर वेगळी आहेत का? वीजमीटर वेगळा आहे का? आणि एक गोष्ट सहज नजरेतून सुटते : बँकेची यूपीएस, बॅटऱ्या, एसीचं युनिट कुठे ठेवलंय? जागेच्या अडचणीपायी ते तुमच्या पोटमाळ्यावर गेलं असेल, तर पाहणीला आलेला माणूस माळाही बँकेच्या वापरात आहे असं लिहील, आणि त्याचं चूक म्हणता येणार नाही. सुनावणीच्या आधी तेवढं खाली आणा.

पोटमाळ्याचा मुद्दा मात्र जपून काढा. त्याला तळमजल्याचा दर लागला असेल तर तो कमी करून मागणं रास्त आहे. पण तो मंजूर नकाशात आहे की सासऱ्यांनी नंतर लोखंडी अँगल टाकून केलेला आहे? नकाशात नसेल तर त्याच अधिनियमातलं कलम २६७अ आठवा : बेकायदा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती आकारण्याची तरतूद तिथे आहे. ती भरली म्हणून बांधकाम नियमित झालं असंही होत नाही. नकाशा सोसायटीच्या फायलीत मिळेल. तो बघितल्यावरच माळ्याबद्दल किती बोलायचं ते ठरवा. खोटं लिहू नका, एवढंच सांगतो; विचारलं नाही तेही भाषण करून सांगायची गरज नाही.

दुसरा खोल मुद्दा बँकेच्या भाड्याचा. एटीएमच्या कोपऱ्यासाठी तुम्ही प्रत्यक्ष जे भाडं घेताय, ते त्या ५० फुटांपुरतं पालिका समोर ठेवणारच. वाजवी भाडं किती, याला नोंदणीकृत करारापेक्षा चांगला पुरावा कुठला? पण त्या रकमेत नुसत्या जागेचं भाडं किती आणि साफसफाई, वीज, रखवालदार यांचे पैसे किती, हे वेगळं दाखवता आलं तर दाखवा. कर जागेवर आहे, सेवेवर नाही. याउलट भाडं नाममात्र आणि डिपॉझिट भरभक्कम असा करार असेल तर प्रश्न विचारले जातील, तयारीत राहा.

आता शेजाऱ्याचं बिल. त्यात मत्सर करण्यासारखं काही नाही, कायदाच तसा आहे. ‘वाजवी भाडं’ म्हणताना जिथे भाडे नियंत्रण लागू आहे तिथे प्रमाणभूत भाड्याच्या, म्हणजे कायद्याने बांधून दिलेल्या भाड्याच्या, वर जाता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७९ मध्ये दिल्लीच्या देवान दौलतराय कपूर प्रकरणात सांगितलं. कायद्याने मालक जितकं घेऊ शकत नाही तितकं ‘अपेक्षित’ तरी कसं धरणार, असा साधा युक्तिवाद. तुमचा शेजारी पागडीचा जुना भाडेकरू. त्याचं भाडं १९४७ च्या भाडे कायद्यापासून गोठलेल्या पायावर उभं आहे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला, त्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा आहे, पण मूळ रक्कमच चिमूटभर असेल तर चार टक्क्यांनी काय होतं?

त्याच १९९९ च्या कायद्यातलं कलम ३ वाचलं की तुमचं गणितही उलगडेल. बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना या कायद्याचं संरक्षण नाही. बँकेला दिलेल्या जागेला भाड्याचं छप्पर नाही, बाजार देईल ते भाडं. म्हणून एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे दोन दर असू शकतात. तुमच्या बाबतीत ती भिंत तुमच्याच दुकानाच्या आत आहे, आणि हरकतीत नेमकं तेच म्हणायचंय : छप्पर नसलेला भाग ५० फुटांचा, बाकीचा माझा स्वतःच्या वापरातला.

पागडी नसलेल्या इमारतींमध्येही तफावत सापडेल. भाडेमूल्याच्या पद्धतीत जुन्या इमारतीला पहिल्या आकारणीच्या वेळचं मूल्य पुष्कळदा तसंच चालू राहतं. वापर बदलला, बांधकाम वाढलं, भाडेकरू आला, की फाईल उघडते. समोर नवीन टॉवर उभा राहिला की त्यातल्या गाळ्याला आजचा दर. राम मारुती रोडवर समोरासमोरच्या दोन दुकानांची बिलं घेऊन बसलात तर डोकं गरगरेल. हे न्याय्य आहे असं मला वाटत नाही. पण ‘त्याला कमी म्हणून मला कमी करा’ हा मुद्दा सुनावणीत चालवायचा असेल तर तुलना त्याच इमारतीतल्या, त्याच वापराच्या, त्याच सुमारास आकारणी झालेल्या गाळ्याशी करा. दुसऱ्या गल्लीतलं उदाहरण दिलंत तर उलट त्याचीच फाईल उघडेल आणि तो तुमच्या नावाने बोटं मोडेल.

मुलुंडच्या भावाला सांगा, तुझं शहाणपण चेकनाक्याच्या पलीकडेच ठेव. मुंबई महापालिकेचा कायदा वेगळा, १८८८ चा, आणि तिथे २०१० पासून भांडवली मूल्यावर कर बसतो. रेडी रेकनरचा दर, वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय, मजला यांचे गुणक आणि क्षेत्र असा गुणाकार असतो. भाड्याचा संबंध उरत नाही. त्या पद्धतीतल्या काही नियमांवर वाद होऊन नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्दही ठरवले. आपल्याकडच्या अधिनियमातही भांडवली मूल्याचा पर्याय ठेवलेला आहे, पण तुमच्या नोटिशीवर ‘करयोग्य मूल्य’ हे शब्द आहेत, म्हणजे तुमचा हिशोब भाड्याचाच. रेडी रेकनरची प्रत जोडून काहीही साधणार नाही. आणि मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंत कर माफ आहे हे ऐकून कोणी तुम्हाला चावी मारली, तर ती माफी राहत्या घरांना आहे, दुकानांना तिथेही नाही.

वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाशीही तुलना नको. दुकानाचा दर मुळात जास्त, आणि त्यावरचे करही जास्त लागतात. बिलाच्या खालच्या ओळी बघा. सर्वसाधारण कर, पाणी आणि मलनिःसारणाशी संबंधित कर, अग्निशमन, वृक्ष हे पालिकेचे. त्याखेरीज राज्य सरकारचे दोन उपकर पालिका फक्त वसूल करून देते, १९६२ च्या कायद्याखाली. शिक्षण उपकर बिगरनिवासी जागेला निवासीच्या दुप्पट दराने लागतो. रोजगार हमी उपकर तर फक्त बिगरनिवासी जागांनाच आहे. नौपाड्यात पेन विकणाऱ्या बाईने दुष्काळी तालुक्यातल्या बांधबंदिस्तीच्या मजुरीत वाटा उचलावा, ही महाराष्ट्राची जुनी योजना आहे, आणि माझ्या मते बिलातली ही एकच ओळ कुरकुर न करता भरण्यासारखी आहे.

तारखेचं दार राहिलं. वाढीव मूल्य कधीपासून लावलंय ते नोटिशीत शोधा. आकारणी पुस्तकात वर्ष चालू असताना बदल करायचा तर तो नियम २० प्रमाणे त्या चालू वर्षात, बदल ज्या दिवशी घडला त्या दिवसापासून लागू होतो. वर्ष म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च. तुमचा करार ज्या तारखेला सुरू झाला त्याच्या आधीचा एक दिवसही बँकेच्या दराने मोजला गेला असेल तर ते लेखी दाखवून द्या. मागची वर्षं धरली असतील तर कुठल्या तरतुदीखाली, असा सरळ प्रश्न अर्जात टाका.

हरकत देण्याआधी गाळ्याचा करआकारणीचा उतारा काढा. हा उतारा आणि थकबाकी नसल्याचा दाखला या दोन्ही गोष्टी लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ठरलेल्या मुदतीत मिळायच्या सेवा आहेत. खिडकीवरचा माणूस ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणाला तर त्या कायद्याचं नाव घ्या, आवाज चढवू नका. उताऱ्यावर मालक म्हणून कोणाचं नाव आहे? सासरे असतील आणि ते हयात नसतील तर हस्तांतरणाचा अर्जही याच खेपेला देऊन टाका, नाहीतर ‘तुम्ही कोण?’ इथूनच सुनावणी सुरू होईल. बिलावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही, पण हरकत घेणाऱ्याचा हक्क त्याने स्पष्ट होतो.

अर्ज दीड पानापेक्षा मोठा नको. क्षेत्राची फोड, वापराची फोड, तारीख, आणि शेवटी मागणी : ‘एटीएमचा ४.६५ चौरस मीटरचा भाग वेगळा आकारावा, उर्वरित भागाचा वापर दुकान असा कायम ठेवावा आणि प्रत्यक्ष पाहणी करावी.’ सोबत कराराची प्रत, तक्ता, फोटो, गुमास्ता कायद्याच्या नोंदणीची किंवा सूचनेची पावती, जेणेकरून दुकान चालू आहे हे दिसेल. आवक शिक्का मारलेली प्रत फायलीत. ‘सेटिंग करून देतो’ म्हणणारा कोणी ना कोणी त्या जिन्यावर भेटतोच. त्याला दिलेले पैसे कुठल्याही उताऱ्यावर दिसत नाहीत, आणि पुढच्या वर्षी मूल्य तेच असतं.

तुमच्या ओळखीच्या गृहस्थांचा सल्ला मात्र महागात पडेल. घरपट्टी दोन हप्त्यांत आगाऊ देय असते, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला. बिलाची मुदत चुकली की थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला चोवीस. बँकही इतकं व्याज लावत नाही. भरल्याने हक्क जात नाही. चलनासोबत पत्र द्या : ‘हरकत राखून भरणा करीत आहे.’ पुढे निकाल तुमच्या बाजूने लागला तर जास्तीची रक्कम पुढच्या बिलांत वळती करून मागता येते. इतकंच नव्हे, हरकत फेटाळली गेली आणि कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करायचं ठरलं, तर बिलाची रक्कम जमा केल्याशिवाय ते अपील ऐकलंच जात नाही. त्या अपिलाला मुदतही पंधरा दिवसांचीच आहे. निर्णयाची प्रत हातात पडली की त्याच दिवशी वकिलाकडे जा, सण-लग्नं उरकून नको.

आणि न भरता गाळा विकून मोकळं होऊ, असाही विचार कोणी सुचवला तर, मालमत्ता कराचा बोजा जागेवर पहिला असतो, कलम १४१. घेणारा शहाणा असेल तर थकबाकीचा दाखला मागेल आणि किंमत तेवढी पाडेल.

वाढीव कर बँकेकडून घेता येईल का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. कायद्याने पालिका मालकाच्या मागे लागते, पण आपसात कोणी सोसायचा हे करारावर आहे. ‘सर्व कर परवानादात्याने (म्हणजे जागा देणाऱ्याने) भरावेत’ असं एक कलम बँकेच्या साच्यात बहुतेक असतं. तसं असेल तर गप्प बसा. ‘विद्यमान कर’ असा शब्द असेल तर एटीएममुळे वाढलेला फरक मागायला जागा आहे. सोसायटीने बिल एकत्र घेऊन सभासदांत वाटायची पद्धत ठेवली असेल, तर ही वाढ तुमच्याच गाळ्याच्या खात्यात टाका असं तुम्हीच आधी कळवा. वरच्या बिऱ्हाडांशी वाकडं घेऊन तळमजल्यावर धंदा होत नाही.

मार्चचं. एटीएम खरोखर गेलं तर आपोआप काही कमी होणार नाही. ‘बँक’ हा शब्द कोणीतरी सांगेपर्यंत पुस्तकात तसाच राहील. ज्या दिवशी यंत्र उचललं जाईल त्याच दिवशी दोन कागद द्या. एक, करार संपल्याचं आणि ताबा परत मिळाल्याचं बँकेचं पत्र जोडून वापर पुन्हा ‘दुकान’ करण्याचा अर्ज. दुसरा, तो कोपरा रिकामा ठेवणार असाल तर रिकामेपणाची लेखी सूचना. रिकाम्या जागेच्या करात काही परतावा मिळण्याची सोय कराधान नियमांत आहे, पण सूचना दिल्याच्या आधीचा काळ धरत नाहीत. महिनाभराने आठवण झाली तर तो महिना गेला. रिकामा म्हणजे रिकामाच हं, तिथे वह्यांचे गठ्ठे रचलेत तर तो वापर झाला.

जाऊबाईंना सांगा, उगाच घाबरू नका, पण गाफीलही राहू नका. सदनिकेच्या एका खोलीत पार्लर असेल तर तेवढ्या खोलीचा वापर बिगरनिवासी धरून नोटीस येऊ शकते. आली तर तुमच्यासारखंच करायचं : खोली मोजायची, दोनशे फुटांची खोली असेल तर दोनशेच फूट, अख्खा फ्लॅट नाही. मात्र त्यांना घरपट्टीच्या आधी सोसायटीची परवानगी आणि पालिकेचा परवाना ही दोन कामं आहेत. पाटी दाराबाहेर लावली असेल तर त्या पाटीचंही शुल्क वेगळं असतं.

तुमच्या करारातलं मालमत्तेचं वर्णन आणि नोटिशीची दोन्ही पानं, नाव झाकून, पाठवून द्या. ‘सर्व कर’ म्हटलंय की ‘विद्यमान कर’, तेवढं वाचून पुढच्या अंकात लिहीन.